ड्रमवरचे पांढरे आकडे

मला घाण सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणाला झुरळाची किळस येते, कुणाला पालीची. मला काळ्या धुळीची येते. आणि नशीब बघा, माझ्या सख्ख्या बहिणीने लग्न केलं ते नेमकं त्या धुळीशी. लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, मी एकटी नवऱ्यामुलाच्या नखांकडे बघते आहे. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. नखं त्या दिवशीसुद्धा काळी होती. ताई म्हणाली, "दोन दिवस लिंबाने घासत होते बिचारे. नाहीच निघाली."

हे माझे भावजी. पस्तीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करत आले. तिथे त्यांना सगळे काजळ्या म्हणतात. हजेरीपटावरचं खरं नाव वाचून एका नव्या क्लार्कने विचारलं होतं, हा माणूस कधी कामावर येतच नाही का? मला तिथे फिनाइलबाई म्हणतात. मी त्याच वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये होते. आई-वडील गेल्यावर मी नऊ वर्षं ताईकडे राहिले, आणि या नोकरीचा अर्जही भावजींनीच आणून दिला. अर्जाच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. मी तो खोडरबराने पुसत बसले, कागद फाटेपर्यंत. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहिले आणि दुसरा अर्ज घेऊन आले, या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळून.

आता ती धूळ येते कुठून, ते सांगायला हवं. बसच्या प्रत्येक चाकात लोखंडी ड्रम असतो, मोठ्या पातेल्याएवढा. त्याच्या आत दोन अर्धगोल लोखंडी कमानी, त्यांना शू म्हणतात. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दिला की शू बाहेर पसरतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. शूवर एक जाड पट्टी रिव्हेट मारून बसवलेली असते, तिला लायनर म्हणतात. ड्रम झिजून खडबडीत झाला की तो आतून कापून गुळगुळीत करतात, म्हणजे तो थोडा मोठा होतो. मग नवा लायनर त्याला नीट टेकत नाही, मधे टेकतो आणि कडेला हवा राहते, किंवा उलटं. म्हणून लायनरसुद्धा त्याच ड्रमच्या मापाने कापावा लागतो. साध्या लेथवर, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रावर, कापायची वस्तू फिरते आणि हत्यार जागेवर असतं. भावजींचा पोर्टेबल लेथ त्याच्या उलट. शू बसच्या अंगावरच राहतात, एक्सलच्या टोकावर लेथ चढवून आवळायचा, आणि त्याचा हात शूभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. दर फेरीला केसभर लायनर कापला जातो आणि त्याची धूळ होते. काळी, मऊ, पिठासारखी. ती कानात जाते, डब्यात जाते, श्वासात जाते. पन्नास पावलांवर माझं स्टोअर होतं, आणि मी सकाळी पुसलेल्या कपाटावर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं.

भावजी तोंडाला ओलं फडकं बांधायचे. मास्कसाठी मी तीनदा मागणीपत्र लिहिलं. चौथ्या वर्षी मास्क आले, सहा. मॅनेजरने ते आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवले, कारण वरून कुणी साहेब पाहणीला आले तर त्यांना द्यायला हवेत ना! ज्यांना त्या धुळीत दहा मिनिटं उभं राहायचं त्यांच्यासाठी मास्क, आणि जो त्यात पस्तीस वर्षं काढतो त्याच्यासाठी फडकं. भावजी खोकले की रुमालात काळं पडायचं. मी तोंड फिरवायचे. मला शिसारी यायची, मॅनेजरची नव्हे, रुमालाची. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तसंच होतं.

काम करण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी ड्रम उतरवायचे, आतून माप घ्यायचं आणि ड्रमच्या तोंडावर खडूने लिहायचं, कुठल्या बाजूचा आणि किती मिलिमीटर. मग त्या मापाने शू कापायचे. शेवटी ड्रमच्या आत खडू चोळायचा, ड्रम स्वतः चढवायचा, एक फेरी फिरवायचा आणि पुन्हा उतरवायचा. लायनरवर सगळीकडे सारखं पांढरं लागलं असेल तर काम झालं. कुठे काळं राहिलं असेल तर पुन्हा लेथ. ते झाल्यावर लायनरवरून तळहात फिरवायचे, सावकाश, डोळे मिटून. ताईच्या पाठीवरून त्यांनी असा हात कधी फिरवला असेल असं मला तरी वाटत नाही. बाकीचे फिटर वैतागायचे. "काजळ्या, बस सोडायची आहे, साखरपुडा नाही करायचा!" ते हसायचे आणि आणखी एकदा फिरवायचे.

आमच्या गावाला एक मोठा उतार आहे. दवाखान्यापासून थेट बाजाराच्या चौकापर्यंत, मधे दोन वळणं. त्या रूटचे ड्रायव्हर सकाळी गाडी काढायच्या आधी भावजींच्या ब्रेकच्या कामाच्या खड्ड्याशी थांबायचे आणि विचारायचे, "काजळ्या, बघितलंस ना?" ते मान हलवायचे. एवढ्यावर ड्रायव्हर निघायचा, कागद बघायचा नाही. भावजींना दोनदा बढती आली, दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटलं. वरच्या जागेवर हाताने काम करायचं नसतं, नुसत्या सह्या करायच्या असतात. ताई आठ दिवस बोलली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, "आपण मान हलवली की माणूस उतार उतरतो. आणखी काय पाहिजे?"

माझ्या घरी ते रविवारी यायचे, ताईबरोबर. माझी एक खोली आणि स्वयंपाकघर, आरशासारखं. मी लग्न केलं नाही. पायपुसण्यावर पाय पुसणारा पुरुष मला भेटला नाही. ते यायच्या आधी मी खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून ठेवायचे. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आलेल्या माणसासाठी! पहिल्यांदा ताईचा चेहरा पडला. पुढे पुढे माझी गडबड असली तर भावजी स्वतःच कोपऱ्यातला पेपर घेऊन खुर्चीवर पसरायचे आणि मग बसायचे, शिवाय चेष्टा करायचे, "आज खेळाचं पान घातलंय, चांगली बातमी आहे, चुरगळायला जिवावर येतंय."

पाहणीची तारीख कळली त्या दिवशी मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. वरचे मोठे साहेब येणार, सगळं वर्कशॉप बघणार. स्वच्छतेची जबाबदारी अर्थातच फिनाइलबाईवर. मला काय, आंधळा मागतो एक डोळा! चार दिवस मी माणसं हाताशी धरून भिंती घासल्या, नाल्या उपसल्या, ग्रीसचे डबे कापडाने झाकले. पाहणीच्या सकाळी फक्त एकच जागा माझ्या डोळ्यांत खुपत होती, ब्रेकचा खड्डा. उताराच्या रूटची बस स्टोअरकडे तोंड करून उभी होती, पुढची दोन्ही चाकं उघडी, दोन्ही ड्रम आपापल्या बाजूला जमिनीवर, आणि मधे भावजी, डोक्यापासून पायापर्यंत काळे. दोन्ही बाजूंचे शू कापून झाले होते. खडू लावून बघायचं तेवढं राहिलं होतं.

मी मॅनेजरला म्हटलं, "साहेब, हे असे उभे राहिले तर माझ्या चार दिवसांच्या कामावर बोळा फिरला म्हणून समजा."

मॅनेजर म्हणाला, "काजळ्या, आज हाफ डे घे. जा घरी."

भावजी म्हणाले, "अर्धा तास द्या. ड्रम चढवून खडू बघतो आणि जातो."

"चढवायला फिटर आहेत. तुझं कापायचं काम झालं ना?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी एका शब्दाने म्हणायला हवं होतं की राहू द्या अर्धा तास. मी म्हटलं, "भावजी, मागच्या दाराने जा हं. पुढचा रस्ता आत्ताच धुतलाय."

ते मागच्या दाराने गेले.

मग मी ते दोन्ही ड्रम उचलायला लावले आणि रॉकेल आणि ब्रशने घासून घेतले. काय निघालं त्यातून, सांगत नाही. धुऊन पुसून मी ते बससमोरच्या भिंतीशी वाळत ठेवले आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! फिटर आला. म्हणाला, "बाई, यावर काजळ्याने खडूने लिहिलं होतं ना? आता कुठला कुठं जाणार?"

खडू कुठला राहतोय! पण मला लिहिलेलं सगळं लक्षात राहतं. स्टोअरमधले दोन हजार खण मला तोंडपाठ होते, आणि प्रत्येकावरचं लेबल माझ्या हातचं, पांढऱ्या रंगात, बारीक ब्रशने काढलेलं. मला आठवत होतं, डावा चारशे बारा, उजवा चारशे चौदा. कुठला ड्रम कुठून उचलला तेही आठवत होतं, कारण मी स्वतः बससमोर उभी राहून ते उचलून घेतले होते. मी रंगाची डबी आणली आणि दोन्ही ड्रमच्या तोंडावर सुबक आकडे काढले. एकावर 'डा ४१२', दुसऱ्यावर 'उ ४१४'. फिटर म्हणाला, "वा, छापल्यासारखं अक्षर आहे." मी खूश झाले. त्याने लिहिल्याप्रमाणे ड्रम चढवले. यार्डात सपाटीवर दोन चकरा मारल्या, ब्रेक लागतो म्हणाला, सही केली. माप कुणी घेतलं नाही.

साहेब आले. मास्क लावून अकरा मिनिटं थांबले, बाथरूम कुठे आहे विचारलं, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी भावजी नेहमीसारखे आठ वाजता आले, तर खड्डा रिकामा. बस त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर, सहालाच निघून गेली होती. ते फिटरला विचारत होते, "खडू लावून बघितलास ना?" आणि तो म्हणत होता, "हो हो, झालं सगळं." हा 'हो हो' आमच्या वर्कशॉपमध्ये रोज शंभर वेळा ऐकू येतो आणि त्याचा अर्थ काहीच होत नाही. साडेनऊला फोन आला. उतारावर दुसऱ्या वळणाशी ड्रायव्हरने ब्रेक दाबला, बस जोरात उजवीकडे ओढली गेली, समोरून येणाऱ्या गाड्या त्याने कशाबशा चुकवल्या आणि बस एका बंद गोदामाच्या भिंतीवर घातली. सात प्रवाशांना खरचटलं. ड्रायव्हरचा पाय पेडलखाली अडकून दोन ठिकाणी मोडला.

दुपारी बस ओढून आणली. मी स्टोअरच्या दारात उभी होते. पुढची चाकं काढली, आणि भावजी ड्रमसमोर उकिडवे बसले. माझे पांढरे आकडे तिथे होते, स्वच्छ, सुबक. भावजी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी उठून दुसऱ्या बाजूचा ड्रम पाहिला. मग मान वर करून स्टोअरच्या दाराकडे पाहिलं.

त्या क्षणी मला कळलं. बसचा डावा-उजवा ड्रायव्हरच्या सीटवर बसून मोजतात. वर्कशॉपमधल्या पोरासोरांनाही ते ठाऊक असतं. मी बसच्या तोंडासमोर उभी होते. माझ्या डाव्या हाताचा ड्रम बसचा उजवा होता. पंधरा वर्षं मी डाव्या-उजव्या पार्टांची लेबलं लिहीत होते, पण खिडकीत बसून. बसजवळ उभं राहून कधी काही बघितलंच नव्हतं, कारण तिथे घाण असते. डाव्या चाकाच्या शूंना त्यांच्यापेक्षा मोठा ड्रम मिळाला, तो धरेना. उजव्याला लहान मिळाला, तो नको तेवढा धरला.

मी दारातून हलले नाही.

मॅनेजर यायच्या आत भावजींनी ग्रीसच्या डब्यात हात घातला, खालची काळी धूळ त्यात कालवली, आणि दोन्ही ड्रमच्या तोंडावर तळहाताने जाड लेप फासला. माझे आकडे गेले. मग ते हात न पुसताच उभे राहिले. मॅनेजर आला, शूंचं माप घेतलं, ड्रमचं घेतलं, चेहरा लाल. "अरे, ड्रम उलटे गेलेत! लिहिलं कुणी होतं?"

"मीच लिहिलं होतं, साहेब," भावजी म्हणाले. "डाव्या-उजव्यात गफलत झाली."

फिटर तिथेच होता. पांढरा रंग त्याने पाहिला होता, माझं अक्षर त्याला माहीत होतं. पण तो ते बोलला असता तर माप न घेता सही का केली, हेही सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, "काजळ्याच्या आकड्यावर बसवले मी." आणि खुद्द मॅनेजरनेच त्यांना घरी पाठवलं होतं, तेही कुणाला आठवेना. सगळे मूग गिळून बसले. मला त्या सगळ्यांची ओकारी येण्याइतकी घृणा वाटली, आणि मी त्यांच्यात सगळ्यात पुढे उभी होते.

भावजींना ब्रेकच्या कामावरून काढलं. चौकशी होईपर्यंत बस धुण्याच्या जागेवर ठेवलं, हातात पाण्याचा पाइप देऊन. पोर्टेबल लेथ भंगाराच्या यादीत घालायचा हुकूम आला. आता तयार शू मागवायचे आणि तसेच बसवायचे, कापाकापी नको. आणि ते दोन ड्रम पुरावा म्हणून चिठ्ठी बांधून माझ्याच स्टोअरमध्ये आणून ठेवले. नऊ दिवस ते माझ्या टेबलासमोर होते. वर भावजींच्या हाताचा पंजा, पाचही बोटं स्पष्ट, आणि त्याच्याखाली माझं छापल्यासारखं अक्षर.

चौथ्या दिवशी मी धुण्याच्या जागेवर गेले. ते चाकावर पाणी मारत होते. पाणी मारून मारून त्यांचे हात पांढरे पडले होते, बोटांना सुरकुत्या, नखं जवळजवळ स्वच्छ. मी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मला बघवेना.

मी म्हटलं, "भावजी, तुम्ही असं का केलंत?"

"माझे चौदा महिने राहिलेत. तुझी अठरा वर्षं आहेत."

"पण चूक माझी आहे."

"तू लिहिलंस ती तुझी. न तपासता मी घरी गेलो ती माझी."

"मीच घालवलं तुम्हाला."

"तू घालवलंस म्हणून मी गेलो ना? जायला नको होतं." त्यांनी पाइप बंद केला. "ताईला सांगू नकोस. तिला तुझं फार आहे."

मी सांगितलं नाही. मला तेच ऐकायचं होतं, हेही लिहून ठेवते. ताई रोज मला विचारायची, "तू तिथेच असतेस, तुला काही कळलं का गं? ह्यांच्या हातून असं होणारच नाही." आणि मी म्हणायचे, "नाही गं, मी स्टोअरमध्ये असते."

आठव्या दिवशी ड्रायव्हरची बायको ताईच्या घरी आली. मी तिथेच होते. ती बसली नाही. दारात उभी राहून भावजींना म्हणाली, "भाऊ, तुम्हाला शिव्या द्यायला नाही आले. एवढंच विचारायचंय. त्यांना कळत नाहीये. दवाखान्यात झोपेत पण तेच बोलतात, काजळ्याने मान हलवली की मगच मी गाडी काढतो, त्या दिवशी तो नव्हता, तरी मी का काढली? पाय जाईल की राहील अजून सांगत नाहीत. तुम्ही खरंच उलटं लिहिलंत? एकतीस वर्षं ते तुमच्या भरवशावर उतरले."

भावजींनी खाली मान घातली. "हो," म्हणाले. "चुकलं माझं."

ती म्हणाली, "मग बरं. म्हणजे तुम्ही असतात तरी मान हलवलीच असतीत. गाडी काढली ही त्यांची चूक नाही. सांगते त्यांना." आणि गेली.

मी हातातला कप सिंकमध्ये ठेवला आणि नळ सोडला. कप तीनदा घासला. त्यात कुणी काही प्यालेलंही नव्हतं.

नवव्या दिवशी चौकशी. वरचे साहेब आले, तेच, अकरा मिनिटांचे. या वेळी मास्क नव्हता, कारण वर्कशॉपमध्ये जायचंच नव्हतं. मॅनेजरच्या खोलीत टेबल, टेबलावर कागद. भावजी समोर उभे, शर्ट धुतलेला. त्यांना काढून टाकायचं की नुसती नोंद करून निवृत्तीपर्यंत झाडूवर ठेवायचं, एवढंच ठरायचं होतं, आणि मॅनेजरच्या चेहऱ्यावरून तेही ठरल्यासारखं दिसत होतं. स्टोअरच्या ताब्यातला पुरावा स्टोअरवालीनेच हजर करायचा असतो. मी दोन्ही ड्रम हातगाडीवर घालून खोलीत आणले. हातगाडीचं चाक कुरकुरत होतं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हे कशाला आत? किती घाण आहे," ते म्हणाले. "बाहेर दाखवा. आणि कबुली आहेच ना याची? मग सही घ्या."

मॅनेजरने कागद भावजींपुढे सरकवला. भावजींनी पेन घेतलं.

मी म्हटलं, "साहेब, पुरावा मळका आहे. साफ करून देते."

माझ्या खिशात रॉकेलची बाटली होती. फडकं आणायचं मी विसरले. आयुष्यात पहिल्यांदा विसरले. मग मी तळहातावर रॉकेल ओतलं आणि भावजींच्या पंजावर हात ठेवला. ग्रीस थंड होतं, मऊ होतं. नखांत गेलं, बोटांच्या बेचक्यात गेलं, कोपरापर्यंत ओघळलं. मला ओकारी आली. मी घासत राहिले. आधी एक पांढरी उभी रेघ दिसली, मग 'डा', मग चारशे बारा. दुसरा ड्रमही घासला.

"मॅनेजरसाहेब, माप घ्या," मी म्हटलं. "यावर चारशे बारा लिहिलंय. आत चारशे चौदा भरेल."

मॅनेजरने माप घेतलं नाही. तो अक्षराकडे बघत होता. त्याच्या खोलीतल्या प्रत्येक फाइलवर तेच अक्षर होतं.

साहेबांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी. त्यांनी खडूने बरोबर लिहिलं होतं. मी ते धुतलं. ते तपासायला थांबत होते, मी त्यांना घरी पाठवायला लावलं. कारण तुम्ही येणार होतात आणि ते काळे होते."

बाहेर कुठेतरी बसचं इंजिन सुरू होतं. साहेबांनी आपला कागद जवळ ओढला, आणि पहिल्यांदाच त्यावर काहीतरी खोडलं.

माझं पुढे काय व्हायचं ते झालं. स्टोअर गेलं, आता रेकॉर्डच्या खोलीत बसते, जिथे फायलींवर बोटभर धूळ आहे आणि पुसायला मनाई आहे, कागद फाटतात म्हणून. फिटरच्या सहीचं काय झालं ते विचारू नका, काही झालं नाही. भावजी ब्रेकच्या कामावर परत आले आणि लेथही भंगारातून परत आला. ड्रायव्हरचा पाय राहिला, पण तो आता गाडी चालवत नाही, गेटवर बसतो. मी त्याच्यासमोरून रोज जाते आणि रोज मान खाली घालते. त्याच्या बायकोकडे मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि बरोबरच केलं.

पण त्या खोलीतलं एक सांगायचं राहिलं. मी तशीच उभी होते, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, कोपरापर्यंत काळी, डोळ्यांतून पाणी येतंय आणि पुसायला हात नाही. भावजींनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याजवळ आले. रागावले होते. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं.

"उगाच हात घाण केलेस," ते म्हणाले.

आणि त्यांनी पँटच्या खिशातून आपलं फडकं काढून पुढे केलं. ते माझ्या हातांपेक्षाही काळं होतं. मी ते घेतलं आणि त्यानेच तोंड पुसलं.